बसव्वाच्या लेकीचं माप

बसव्वाच्या रागावर आमची गल्ली घड्याळ लावत असे. सकाळी नळावर तिचा पहिला आवाज चढला की सात वाजले. दुपारी काकणांची पेटी उघडून ती दूरच्या कुठल्यातरी भट्टीवाल्याच्या सात पिढ्या बाहेर काढू लागली की समजायचं, पार्सल आलंय आणि निम्मी काच पिचलेली निघालीय. संध्याकाळी नवऱ्यावर. गिरणीचा भोंगा एखाद्या दिवशी चुकायचा, बसव्वा कधी चुकली नाही.

तिच्या रागाला लोक हसत, पण हसताना दोन पावलं मागं सरून. शेजारची केराबाई तर म्हणायची, "बसव्वाच्या चुलीला लाकूड लागतच न्हाय. ती नुसती समोर बसती, भाकरी आपली आपण भाजती."

धंदा काकणांचा. खांद्यावर मलार, म्हणजे काकणांच्या रंगीबेरंगी माळांचा हा एवढा जुडगा, घालून ती पेठापेठांतून हिंडे. बाईचा हात हातात घेतला की तीन गोष्टी तिला कळत: मनगटाचं माप, घरातलं ताजं भांडण आणि सासूचा स्वभाव. पण काच भरणं म्हणजे नुसतं मापाचं काम नव्हे. बाई घाबरली की हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताच्या हाडावर काच अडते. म्हणून बसव्वा बोलायला लागे, आणि ज्या घरची बाई त्या घरच्या बोलीत बोले. साखर पेठेत विणकरांच्या घरी तेलुगू. मशिदीमागच्या बोळात दखनी. वाण्या-बामणांच्या घरी मराठी. कुणाच्या बाळंतपणाची, कुणाच्या जावेची गोष्ट निघे, बाई बोलण्यात गुंगे, हात सैल पडे आणि काकण सर्रकन आत. चार भाषा तिला कुण्या मास्तरानं शिकवल्या नव्हत्या. चार तऱ्हेचे हात सैल करता करता त्या तिच्या तोंडी बसल्या.

त्यातली चौथी, म्हणजे खरं तर पहिली, कन्नड. ती अक्कलकोटाकडची. बाकीच्या तिन्ही भाषांत ती विकू शके, भांडू शके, एखाद्याला रडवूही शके. पण कुणाला जवळ घ्यायचं झालं तर तिला कन्नडच लागे.

नवरा वीरभद्रप्पा. गिरणीच्या हजेरी खात्यात कारकून. माणूस वाईट नव्हे, फक्त सुधारलेला होता. बंद गळ्याचा कोट, नाकावर चष्मा, आणि मराठी असं शुद्ध की गल्लीतली पोरं म्हणायची, वीरभद्रप्पा शिंकतानासुद्धा व्याकरण सांभाळतात. त्याच्याही आईची भाषा कन्नडच, पण आई गेल्यावर त्यानं ती तिच्या लुगड्यांबरोबर ट्रंकेत घालून टाकली होती.

लग्नानंतर अकरा वर्षांनी ह्या दोघांना मुलगी झाली. गंगम्मा. गंगू.

गंगू तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द काढेना. केराबाई म्हणाली, "अगं, तुझं तोंड चालू असताना त्या पोरीला बोलायला जागा कुटं हाय?" बसव्वानं त्या दिवशी केराबाईची घागर नळाखालून उचलून रस्त्यात ठेवली. आणि मग एके दिवशी पोर बोलायला लागली ती सगळीकडून एकदमच. आईशी कन्नड, बापाशी मराठी, केराबाईशी केराबाईचं मराठी. आईबरोबर मलारीमागं हिंडायला लागल्यावर साखर पेठेत तेलुगू आणि बोळात दखनी. पण पोरीचा एक नेम होता. ज्याची जी भाषा ठरली ती ठरली. एकदा वीरभद्रप्पा गमतीनं तिला कन्नडात "इकडं ये" म्हणाला, तर ती त्याच्याकडं अशी बघत राहिली, जसं काही आप्पांनी दुसऱ्याच्या पायातल्या वहाणा घातल्यात. ही वाटणी तिला कुणी करून दिली नव्हती. तिची तिनंच केली होती.

गावावर गोऱ्या सरकारनं लादलेला मार्शल लॉ उठून दोन वर्षं झाली होती, त्या साली गंगू शाळेत गेली. मुलींची शाळा, आणि बाई मुक्ताबाई. मुक्ताबाई मनानं चांगल्या होत्या असं त्यांच्याबद्दल पुष्कळ लोक सांगत, बहुधा ज्यांना त्यांनी शिकवलं नव्हतं ते. त्यांच्या वर्गात एक नियम होता. कानडी किंवा तेलंगी शब्द तोंडातून निघाला की बाकावर उभं राहायचं. पहिल्याच दिवशी गंगूनं पाणी मागताना "नीरु" म्हटलं आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत ती बाकावर होती. पाणी शेवटी मिळालंच नाही. त्यानंतर शाळेत गंगूनं तोंड उघडायचं ते पाढ्यांपुरतं.

बसव्वाला हे कळलं तेव्हा ती शाळेत जायला निघालीच होती. वीरभद्रप्पानं दारात अडवली. "शिस्त असते शाळेत. तुझ्या नळावरचा कारभार नाही तो." बसव्वा थांबली, पण तिनं तो राग गिळला नाही, नुसता गालात धरून ठेवला.

दिवाळी झाल्यावर शाळेत एक साहेब आले. हिरेमठसाहेब. पुण्याहून नवी विद्या शिकून आले होते, मुलांची बुद्धी मोजायची. कापूस मोजतात, जमीन मोजतात, आता बुद्धीही मोजणार. त्यांच्याकडं एक पेटी होती. पेटीत चित्रं, लाकडाचे ठोकळे, दोऱ्यात ओवायचे मणी, आणि एक छापील चोपडी, तिच्यात कुठल्या वयाच्या मुलाला काय यायला हवं ते सगळं लिहिलेलं. एकेक मुलगी खोलीत न्यायची, अर्धा तास प्रश्न विचारायचे, आणि बाहेर पडताना तिच्या बुद्धीचं वय कागदावर.

गंगूचा कागद वीरभद्रप्पाच्या हातात पडला तो मुक्ताबाईंच्या सहीसकट. त्यानं ओट्यावर उभं राहून वाचला. गल्लीनं ऐकला, कारण वीरभद्रप्पाला शुद्ध मराठी वाचायचं म्हणजे मोठ्यानंच वाचायचं अशी खोड होती.

"मुलीचे वय, सहा वर्षे चार महिने. बुद्धीचे वय, चार वर्षे."

बसव्वा काकणं ओवत बसली होती. तिनं दोरा खाली ठेवला.

"म्हंजे माझ्या पोरीची दोन वर्षं कुटं गेली? कुणी खाल्ली?"

"पुढं ऐक. मुलीने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. घरात एकाहून अधिक भाषा चालत असल्याने मेंदूवर भार पडून वाढ खुंटलेली दिसते. घरात फक्त मराठी ठेवावी. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू. फरक न पडल्यास मुलीस पहिलीत बसवू नये."

"न्हाय बसवलं तर?"

"तर बिगरीत. पुढल्या वर्षीही बिगरीत, धाकट्या पोरींच्या ओळीत. आणि मग नाव काढतील." वीरभद्रप्पानं चष्मा काढून पुसला. चष्मा आधीच लख्ख होता, ते मात्र गल्लीनं पाहिलं. "माझी मुलगी मंद नाही. पण साहेब शिकलेले आहेत. आजपासून ह्या घरात कन्नड बंद. एक शब्द नको."

"मग मी काय बोलू तिच्याशी?"

"मराठी बोल. बाजारात बोलतेस की."

"बाजारात मी गिऱ्हाइकाशी बोलती. ही माझं गिऱ्हाईक न्हाय."

"पंधरा दिवस गं. फक्त पंधरा दिवस."

बसव्वा त्याला चावायला धावली असती तर गल्लीला नवल वाटलं नसतं. पण समोर तो कागद होता आणि त्यावर लेकीचं नाव होतं. ती उठली, आत गेली आणि तिनं आतून काहीतरी पितळेचं भिंतीवर आपटलं. नंतर शांतता. केराबाई दाराआडून कुजबुजली, "हे काय खरं न्हाय. बसव्वा गप बसली की मला झोप लागत न्हाय."

पुढचे आठ दिवस त्या घरात जे चाललं ते गल्लीनं कान लावून ऐकलं, आणि खरं सांगायचं तर ऐकून सगळ्यांनाच कसंनुसं झालं. आधी सकाळी बसव्वा लेकीला उठवायची ती "नन्न बंगारा, माझ्या सोन्या" म्हणून, केसांतून हात फिरवत. आता हाक यायची, "ए, उठ. उजाडलं." जेवताना विचारायची, "किती पायजे? एक का दीड?" वेणी घालताना, "मान सरळ. हलू नगं." तिच्याजवळ लेकीपुरतं मराठीच नव्हतं. होतं ते सगळं दुकानातलं आणि नळावरचं, आणि तेच ती लेकीला देत होती. आवाज ऐकून तिचा तिलाच राग येई, मग तो रागही त्याच आवाजात मिसळे.

गंगूनं आईच्या तोंडाकडं बघायचं सोडलं. अर्धी भाकरी टाकून उठायला लागली. बापानं विचारलं तर "हो" आणि "नाही". वीरभद्रप्पा म्हणाला, "बघ, कशी शांत झाली. सवय लागते आहे." बसव्वा त्याच्या पानात आमटी वाढत होती. तिनं ती वाढली, पण पानात नव्हे.

नवव्या दिवशी ती लेकीला घेऊन साखर पेठेत गेली. विणकराच्या घरी म्हातारी मागावरून हाका मारत बाहेर आली, "रा अम्मा, रा!" आणि आठ दिवस मुकी झालेली गंगू तिच्याशी तेलुगूत जी सुटली ती सुटलीच. हिरवी काच का लाल, सुनेचा हात अजून सुजलाय का, शेळीला काय झालं, मागाचा धोटा कुठं हरवला. म्हातारी हसून हसून दमली. बसव्वा कुणाच्या तरी मनगटात काच घालता घालता तशीच थांबली. मंद पोर ही अशी असते?

परतताना ती तळ्याच्या पायऱ्यांवर बसली. देवळाच्या बाजूनं घंटा ऐकू येत होती. तिनं लेकीला समोर उभं केलं आणि कन्नडात विचारलं. (पुढचं सारं कन्नडात झालं. आपल्यासाठी मराठीत.)

"खरं सांग. साहेबानं विचारलं तेव्हा गप का बसलीस? उत्तरं येत नव्हती?"

गंगूनं आधी आईकडं बघून घेतलं. "अव्वा, तू माझ्यावर रागावली न्हाईस?"

"तुझ्यावर? तुझ्यावर कशाला रागवू गं?"

"मग घरात तशी का बोलतेस?"

बसव्वानं लेकीच्या परकराला लागलेली धूळ झटकली. तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. तेव्हा पोरीनं हिशेब नीट मांडून दाखवला.

"त्या साहेबांच्या कपाळावर विभूती होती. तीन पट्टे. ते स्वामी होते. तूच सांगितलंस, आपल्या स्वामींशी कन्नडच बोलायचं, नायतर त्यांचा अपमान होतो. आणि शाळेत कन्नड बोललं की बाई बाकावर उभं करतात. म्हणून मी थांबले."

"कशाला थांबलीस?"

"ते आधी सांगतील म्हणून. कुठलं बोलायचं ते."

"अर्धा तास?"

"ते लिहीत होते ना. कामात माणसाला विचारू नये."

बसव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी अर्धा तास दोन आज्ञांच्या मधोमध उभी राहिली होती, एकीपासूनही ढळली नव्हती, आणि कागदावर पडलं काय तर चार वर्षं! त्या साहेबाला कपाळावरची स्वतःची विभूती दिसली नव्हती. त्या बाईला आपला बाक दिसला नव्हता. नवऱ्याला चष्म्यातून फक्त कागद दिसला होता. आणि सगळ्यांत मोठा राग तिला आला तो "तूच सांगितलंस" ह्या दोन शब्दांचा, कारण तो कुणावर काढावा ते समजेना. घरातली बंदी मात्र तिनं साहेब पुन्हा येईपर्यंत मोडली नाही, कारण कागदावर लेकीचं नाव होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात गर्दी नव्हती, पण आमच्या गल्लीतली चारपाच माणसं नेमकी त्याच वेळी त्याच रस्त्यानं जात होती. योगायोग. वीरभद्रप्पानं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. लोकांची गैरहजेरी लावणारा माणूस स्वतः गैरहजर राहिला, ही गिरणीच्या इतिहासातली पहिलीच वेळ. पाठोपाठ मलार खांद्यावर घेऊन बसव्वा. ती खोलीत शिरली.

"बाई, आयांनी आत यायचं नसतं," मुक्ताबाई म्हणाल्या.

"नसतं न्हवं? मग काडा बाहेर," म्हणून बसव्वा जमिनीवर बसली. मलारीतली काच खळखळली. तिला बाहेर काढायला दोन माणसं लागली असती आणि शाळेत शिपाई एकच होता, तोही म्हातारा.

हिरेमठसाहेब वयानं तरुण होते. कपाळावर तीन पट्टे ठसठशीत. बसव्वानं त्यांना तळ्यावरची हकीकत सांगितली, मराठीत, आणि एरवी ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल. पण नियम आहे. प्रश्न शाळेच्या भाषेतच विचारायचे."

"इचारा की. कोण नगं म्हनतंय? आदी तिला येवढं सांगा, की मी हितं तुझा स्वामी न्हाय म्हनून."

साहेबांचा हात कपाळाकडं गेला. जंगमाच्या, म्हणजे स्वामींच्याच कुळात जन्मलेल्या माणसानं, विभूती लावून, तोंडानं म्हणायचं की मी स्वामी नाही! पुण्याच्या चोपडीत ह्या वेळी काय करावं ते छापलेलं नव्हतं.

"तसं कसं म्हणता येईल?"

"मग त्या पोरीला तरी कसं बोलता येईल?"

वीरभद्रप्पा भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याच्या कोटाची पाठ लाल झाल्यासारखी वाटत होती. साहेबांनी पाणी प्यायलं, कागद सारखे केले, आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "मुली, इथं मी स्वामी नाही. परीक्षक आहे. मराठीत बोललीस तर चालेल. कुणी काही म्हणणार नाही."

गंगूनं आईकडं पाहिलं. बसव्वानं मान हलवली. पोरीनं मग मुक्ताबाईंकडंही पाहिलं, कारण बाक त्यांचा होता. मुक्ताबाईंनाही मान हलवावी लागली.

त्यानंतर साहेबांचा टाकच मागं पडायला लागला. किटलीच्या चित्रात काय नाही? कान नाही, आणि झाकणही भलत्या किटलीचं हाय. काच आणि लाकूड, फरक काय? लाकूड पडलं तर उचलायचं, काच पडली तर आधी अनवाणी माणसाला लांब करायचं. मणी ओवून दाखव. तिनं नमुन्याचे ओवले आणि उरलेल्यांचा दुसरा नमुना करून दिला. सहाव्या वर्षाचे प्रश्न संपले, सातव्याचे संपले. आठव्या वर्षाच्या पानावर एक चमत्कारिक प्रश्न होता.

"समज, उद्यापासून मांजराला आपण सगळ्यांनी कुत्रा म्हणायचं ठरवलं. तर ते भुंकेल का?"

मुक्ताबाई पुटपुटल्या, "हा लहान मुलींना जमत नाही. आमच्या पहिल्या नंबराच्या मुलीनंसुद्धा 'भुंकेल' म्हणून सांगितलं. घरात कटाक्षानं मराठी, तरी."

गंगूला प्रश्न अवघड वाटलाच नाही. उलट साहेबांना एवढंही ठाऊक नाही ह्याची तिला दया आल्यासारखी दिसली.

"कसं भुंकेल? आमच्या घरी त्याला बेक्कु म्हणतात. साखर पेठेत पिल्ली. बोळात बिल्ली. केराबाई तर मुडदा म्हणते. तरी ते म्यांवच करतं की."

टाक थांबला. खिडकीबाहेर आमच्यातलं कुणीतरी खुसकन हसलं. केराबाईनंच चिमटा काढून त्याला गप्प केलं, मुडदा ह्या शब्दाबद्दल का आनंदानं ते कळलं नाही.

साहेबांनी बेरीज केली. पुन्हा केली. "बुद्धीचं वय, साडेसात वर्षं," ते म्हणाले. "मुलगी पहिलीत बसेल." वीरभद्रप्पानं भिंतीवरून तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते. गोष्ट इथं संपली असती तर सगळे पेढे खाऊन घरी गेले असते.

पण साहेबांना शेरा लिहायचा होता. त्यांनी तो लिहिला आणि कौतुकानं वाचून दाखवला. "घरात एकच भाषा ठेवल्याने अवघ्या पंधरा दिवसांत बुद्धीत साडेतीन वर्षांची वाढ. हाच उपाय इतर कानडी व तेलंगी घरांस सुचवावा."

बसव्वाला वाक्य समजायला एक क्षण लागला. मग ती उठली. मलारीची काच अशी खणाणली की शेजारच्या वर्गातले पाढे थांबले.

"काय लिवलं? पुन्ना वाचा. माझ्या पोरीनं आत्ता तुमच्या म्होरं चार घरची मांजरं उभी केली, ती काय मराठीतनं आली? मी पंधरा दिस लेकीला जवळ घेतलं न्हाय. पोर जेवली न्हाय. त्याला तुमी औशीद म्हनता?"

"बाई, शास्त्र असं सांगतं..."

"शास्त्र ऱ्हाऊ द्या. तुमी घरात काय बोलता?"

साहेबांनी टाक दौतीत घातला. "आईशी... कानडी."

"आन् शाळेत?"

"मराठी. पुढं इंग्रजी."

"मग तुमची साडेतीन वर्षं कुटं ठिवली? का आईनं हाक मारली की तुमी येडं व्हता?"

"चल," वीरभद्रप्पा तिच्या दंडाला धरून म्हणाला. "काम झालं आहे आपलं. चल."

"तुमचं झालं आसंल."

शेरा तसाच राहिला. साहेबांनी तो खोडला नाही. खोडला असता तर पंधरा दिवसांपूर्वीचाही खोडावा लागला असता, आणि त्याच्या प्रती पुण्याला गेलेल्या. शिकलेल्या माणसाला चूक कळते, पण कागद खराब करवत नाही.

घरी आल्यावर वीरभद्रप्पानं कोट काढून खुंटीला लावला आणि समाधानानं म्हणाला, "काही म्हण. गुण आला. आता हेच चालू ठेवायचं. आणखी वर्षभर. मग दुसरीतही..."

बसव्वानं पुढचं ऐकलं नाही. तिनं शेगडी उचलली. परात उचलली. पिठाचा डबा, पाट, लेकीची वाकळ आणि शेवटी लेक. सगळं एकेक करून ओट्यावर आणून मांडलं.

"हे काय चालवलं आहेस?" तो दारात आला.

"तुमच्या घरात माझी भाषा बंद हाय न्हवं? मग मी घरातच येत न्हाय. तुमी आत ऱ्हावा. शुद्ध ऱ्हावा."

तीन दिवस त्या ओट्यावर संसार चालला. रस्त्यानं जाणारी टांग्यातली माणसं माना वळवून बघत. बसव्वा तिथंच भाकरी थापी, तिथंच लेकीची वेणी घाली, आणि पंधरा दिवस अडलेलं सगळं कन्नड गल्लीच्या अंगावर मोकळं सोडी. गोष्टी, गाणी, लेकीला लाड आणि नवऱ्याला शिव्या. शिव्या कुठल्या आणि लाड कुठले हे सुरुवातीला कळत नसे. दुसऱ्या दिवशी कळायला लागलं, कारण लाडाला गंगू हसत होती आणि शिव्यांना आतून भांडं पडत होतं. वीरभद्रप्पा खाणावळीत जेवून येई आणि ओटा ओलांडताना पाय असा टाकी, जसं काही शेणातून चाललाय. गिरणीत बातमी पोचली होती. हजेरीच्या खिडकीवर एकानं विचारलंसुद्धा, "साहेब, तुमची हजेरी घरात का ओट्यावर?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दाराशी येऊन उभा राहिला. कोट नव्हता, चष्मा हातात होता.

"आत ये."

बसव्वा भाकरी उलटत होती. "आत काय हाय?"

"बोल तुला काय बोलायचं ते. तिच्याशी."

"कशात?"

"कन्नडात."

"ऐकू आलं न्हाय. कागद वाचला तवा सगळ्या गल्लीला ऐकवला की. तेवड्याच मोठ्यानं म्हना."

त्यानं गल्लीकडं पाहिलं. आम्ही सगळे आपापल्या कामात होतो. केराबाई तर रिकामी घागर घासत होती, एक तास. तो मोठ्यानं म्हणाला. आवाज चिरका आला, पण आला. "ह्या घरात कन्नड चालेल!"

बसव्वानं शेगडी उचलून आत नेली. हसली वगैरे मुळीच नाही. जाताना एवढंच म्हणाली, "चालंल आसं न्हवं. हाय."

नवराबायकोचं मिटलं. साहेबांच्या शेऱ्याचं मात्र मिटलं नाही. महिन्याभरात मुक्ताबाईंच्या सहीनं तोच उपाय पेठेतल्या कन्नड आणि तेलुगू घरांत चिठ्ठ्यांनी गेला. बिगरीतल्या पोरींच्या आया घाबरल्या. घरं गप्प व्हायला लागली. बसव्वाला ते पहिल्या घरात शिरल्या शिरल्या कळलं. बाई काकणं भरायला पुढं येऊन बसली होती आणि तिची पोर कोपऱ्यात, भिंतीला टेकून, आईकडं न बघता.

बसव्वानं मलार खांद्यावरून काढलीच नाही, आणि बोलली ती त्या घरच्याच बोलीत.

"आदी तिला हाक मार."

"काय म्हणून?"

"तू रोज काय म्हनत व्हतीस ते."

बाई दाराकडं बघायला लागली. "अहो, शाळेतनं चिठ्ठी आलीया. ह्यांनी सांगितलंय..."

"तुझ्या ह्यांना माझ्याकडं धाड. त्या बाईलाबी धाड. त्या साहेबाला तर मी शोदतीच हाय. हाक मार, न्हायतर मी चालले, आन् सनाला तू रिकाम्या हातानं बस."

बाईनं हाक मारली. ओठातल्या ओठात, चोरून. पोरीनं मान वर केली.

"मोठ्यानं," बसव्वा ओरडली. "शाळेपातुर जाऊ दे."